वस्तीवरचा लाल ठिपका

गावाचं नाव लिहीत न्हाय. मला अजून तिथंच ऱ्हायाचंय, तिथंच पाणी भरायचंय. मुरुमच्या बाजाराला चालत जाता येतंय, एवढं सांगितलं तरी बास. पण माणसांची नावं लिहिणार. ज्यांनी केलं त्यांची बी, आन् जिच्यासंगं केलं तिचं तर पयलं.

तिचं नाव जाईबाई. माझी सासू. मी तिला आत्या म्हणते. सुनेनं सासूबद्दल चांगलं लिहिलं की बायकांना वाटतंय, ही कायतरी झाकायली. मी काय झाकत न्हाय. ती चहात साखर चिमटीनं टाकती, माझ्या भाकरीला रोज नाव ठेवती, आन् मी घटकाभर दारात बसले तर तिला बघवत न्हाय. तरी बी तिच्याबद्दल कोण वाकडं बोललं तर मी ऐकून घेत न्हाय. आठवीत असताना माझं लगीन लागलं आन् शाळा सुटली. तेवढ्या शाळेवर जमंल तसं लिहायली.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला सरकारनं पाझर तलाव काढला. तवा आत्याचा नवरा वारलेला आन् पोरगं, म्हंजी माझा नवरा बब्रुवान, सात-आठ वर्साचं. तलावाच्या बांधाची माती तिनं डोक्यावरनं वाह्यली. त्या दुष्काळाचं विचारलं तर ती फकस्त कामावर खायला मिळायची त्या सुकडीची चव सांगती. "गोड व्हती, पण घशात अडकायची." बाकी काय बोलत न्हाय.

तलाव बांधला तवा पाणी पाझरून गावाच्या मळ्यांतल्या इहिरींत जाईल असा सगळ्यांचा अंदाज. पाण्यानं कुणाचा अंदाज ऐकला न्हाय. बांधाच्या पायथ्याला, आमच्या बौद्ध वस्तीकडच्या गायरानात ओल फुटली. सगळं दगडाळ रान, तिथं ढोर बी तोंड लावत नव्हतं. आत्यानं तिथले दगड येचले. एकटीनं. लोक हसायचे. दगड येचून झाले तशी तिनं कडंला वांगी लावली, शेपू लावला, आन् मधल्या वाफ्यात जनावरासाठी लसूणघास. मग वस्तीतल्या बायांनी बी आपापला तुकडा धरला. तलाव आटला तरी ती ओल आटत न्हाय. खालून येती ती.

घास झाला म्हणून तिनं म्हैस घेतली. म्हैस आली म्हणून ती गावच्या दूध सोसायटीची मेंबर झाली. वस्तीतली पयली मेंबर.

हे वाचताना सोपं वाटतंय. सोपं नव्हतं. आमच्या हातचं दूध गावात कोण घेत नव्हतं. पण सोसायटी सरकारी कायद्याची. शेअर घेतला की मेंबर, जात विचारता येत न्हाय. चेअरमन हणमंतप्पानं तिला मेंबर केलं ते काय मोठ्या मनानं न्हाय, त्या दिवशी तालुक्याचा साहेब शेजारी चहा पीत बसला व्हता म्हणून. तरी बी केलं. मग रोज सकाळी आत्या चरवी घेऊन रांगेत उभी ऱ्हायाची. रांगेत सगळ्यात मागं. सेक्रेटरी व्यंकट दूध मापायचा आन् सगळ्यांच्या दुधाच्या मोठ्या कॅनात ओतायचा. दूध दुधावर पडल्याचा आवाज येतो ना, तो ऐकल्याबिगर आत्या माघारी फिरायची न्हाय. म्या एकदा विचारलं, "काय ऐकता एवढं?" तर म्हणाली, "मिसळलं का ते ऐकती."

आता सत्त्याऐंशीचा उन्हाळा सांगते.

पाऊस दोन साल दगा देत व्हता. शिवार सगळं पांढरंफटक. आन् त्यात गावात थंडीताप सुरू झाला. मलेरियाचा कामगार रामकिसन घरोघर फिरून बोटाला टोचायचा, काचेवर रक्त घ्यायचा. कोणत्या घरात ताप हाय ते परत आल्यावर कळावं म्हणून तो दाराच्या चौकटीवर गेरूचं बोट वढायचा. लाल बोट दिसलं की बाया त्या घरातनं चुलीला इस्तू सुद्धा आणत नव्हत्या. आमच्या गावात लाल म्हंजी ताप, हे शेंबडं पोर बी सांगत व्हतं.

अशात हैदराबादची जीप आली. संगं एक बाई, शांतम्मा मॅडम. बिदरकडची. मराठी बोलायची, पण कानडीच्या वळणानं. सोसायटीच्या खोलीत टेबल हाय, पंखा हाय, म्हणून तिथंच त्यांनी बस्तान मांडलं. भिंतीवर हा एवढा मोठा फोटो लावला. आभाळात एक यंत्र फिरतंय म्हणं, त्यानं वरनं आमच्या शिवाराचा काढलेला.

सगळं गाव बघायला. दूध घालायला गेलेल्या आमी दोघी बी दाराशी.

मॅडम म्हणाली, "हा ताप डासामुळं पसरतो. दुष्काळात डास कुठं जगतात, ते शोधायचंय. गावोगाव फिरून शोधायला वर्षं जातील. वरून बघितलं की एकदम शंभर गावं दिसतात. मग नेमकं तिथंच जाऊन फवारायचं."

मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. म्या म्हणलं, डोकं हाय बाईला.

फोटोत गाव म्हंजी राखेचा डाग. तलाव म्हंजी वाळलेली खरूज. सगळं करडं, फिकट. आन् खालच्या अंगाला एकच लाल ठिपका, गांधील चावल्यावानी.

मॅडमनं त्या ठिपक्यावर बोट ठिवलं. "ही जागा कोणती?"

सगळ्यांनी मागं वळून आमच्याकडं बघितलं. व्यंकट म्हणाला, "ती यांची वस्ती, मॅडम."

"असं का. मग आधी तिथंच जाऊ या."

बास, एवढंच बोलली. लाल का हाय ते तिनं सांगितलं न्हाय. कुणी विचारलं बी न्हाय. विचारायचं काय त्यात? गेरू सगळ्यांना ठावं व्हता. जीप वस्तीकडं वळली तसा हणमंतप्पा धोतराचा सोगा झाडत म्हणाला, "बघा. आभाळानं बी गेरू लावला."

मॅडमच्या माणसांनी वस्तीत समद्यांच्या बोटाला टोचलं. ओलीतलं पाणी पळीनं काढून बघितलं. गावाची दोन-चार माणसं बांधावर उभी राहून बघत व्हती. फोटो तिथंच भिंतीवर ठिवून जीप गेली. चेअरमननं त्याला काच बसवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याची पाळी आली तसं व्यंकटनं माप खाली ठिवलं.

"मावशी, तुमचं दूध घ्यायला मना केलंय."

"कुणी?"

"अप्पांनी. वस्तीत ताप हाय म्हणत्यात."

"वस्तीत कोण निजलंय तापानं? नाव सांग."

व्यंकटनं फोटोकडं बोट केलं. हणमंतप्पा आत खुर्चीवर बसून पान लावत व्हता. तिथनंच म्हणाला, "जाई, ह्यात आमचं काय न्हाय. मी सांगितलं असतं तर तू म्हणली असती अप्पा जात बघतोय. आभाळाला जात हाय का? ते वरनं बघतंय. त्याला कोण तुझं, कोण माझं?"

"ताप माणसाला येतोय अप्पा, म्हशीला न्हाय."

"दूध तूच काढतीस न्हवं?"

रांगेत द्वारकाबाई पुढं व्हती, मळ्यातली. तिनं लुगड्याचा पदर आवरून घेतला, आमचा वारा लागू नये म्हणून. ते मी बघितलं. आत्यानं बी बघितलं.

वाटंनं मी नुसती पेटले व्हते. म्या म्हणलं, "चला मुरुमला. हाटेलवाला दूध हातोहात घेतोय. घाला ह्यांची सोसायटी चुलीत."

आत्या म्हणाली, "मी हाटेलची मेंबर न्हाय. सोसायटीची हाय."

तवा मला नीट उमगलं न्हाय, मागनं उमगलं. सोसायटीचा नियम असा, की जो मेंबर लागोपाठ लई दिस दूध घालत न्हाय, त्याचं नाव जूनअखेर काढत्यात. नाव गेलं की मत गेलं, सभंला बसायचा हक गेला. आन् आत्याचं बघून वस्तीतल्या आणखी बाया म्हशी घ्यायच्या गोष्टी करायल्या व्हत्या, शेअर घ्यायच्या गोष्टी करायल्या व्हत्या. ते हणमंतप्पाच्या कानावर गेलेलंच व्हतं. त्याला ताप आमच्या दुधाचा नव्हता, आमच्या मेंबरकीचा व्हता. फोटो त्याला आयता गावला.

मग आत्यानं काय केलं, तर रोज सकाळी चरवी घासली, दूध काढलं आन् रांगेत जाऊन उभी ऱ्हायली. रोज. व्यंकट मान खाली घालायचा, "न्हाय, मावशी." ती माघारी यायची आन् ते दूध वस्तीतल्या लेकरांना वाटायची. उन्हाळाभर आमची लेकरं गुटगुटीत झाली, तेवढंच काय ते चांगलं झालं. गावातली टवाळ पोरं म्हणायची, "जाईमावशी, दुधाला हवा खायला आणता का?" ती म्हणायची, "तुला दाखवायला आणती. घरी तुला बघायला मिळत न्हाय म्हणं."

मला असली बोलणी सुचत न्हाईत. मला नुसतं दगड घ्यावा वाटतंय. एकदा घेतला बी व्हता. आत्यानं मनगट धरलं आन् म्हणाली, "टाक. एक दगड मारलास की उद्या तेच सांगत फिरतील. रांगेचं कोण सांगणार न्हाय."

पुढं रामकिसन आला. आमच्या रक्ताच्या काचा तपासून आल्या व्हत्या. वस्तीत एकाला बी मलेरिया न्हाय. गावात मात्र वरच्या आळीला घरटी माणूस निजलेला, हणमंतप्पाच्या घरात तर दोघं. रामकिसन बिचारा सरळ माणूस, त्यानं जाऊन चेअरमनला सांगितलं. चेअरमन म्हणाला, "काचेत चूक व्हती, बाबा. तू बारा घरची बोटं टोचतोस, कुणाची काच कुणाच्या नावावर गेली तुला तरी ठावं हाय का? वरनं काढलेल्या फोटोत चूक व्हत न्हाय."

रामकिसननं जाता जाता हणमंतप्पाच्या चौकटीवर गेरूचं बोट वढलं. आमी लांबनं बघितलं. दुसऱ्या दिवशी हणमंतप्पाच्या घरचं दूध सोसायटीत पयलं मापलं. त्याच्या दारावरचा खराखुरा गेरू कुणाला दिसला न्हाय. आभाळातला मातुर सगळ्यांना दिसत व्हता.

मिरगाच्या तोंडावर जीप परत आली. ह्या खेपंला सोसायटीत न थांबता सरळ आमच्या गायरानात. आमी दोघी घास कापत व्हतो. मॅडम बांधावरनं उतरली, हातात तोच फोटो, ल्हानगा.

म्या म्हणलं, "आलात का? अजून कुठं गेरू लावायचा ऱ्हायलाय?"

तिला कळंना. "गेरू?"

"तो लाल डाग. तुमी लावून गेलात, आमचं दूध बंद झालं."

ती फोटोकडं बघायली, मग घासाकडं, मग आमच्याकडं. आन् घासाची एक पेंढी हातात घेऊन म्हणाली, "अहो, लाल म्हणजे हे. हे हिरवं. त्या यंत्राच्या फोटोत झाडपाला लाल येतो. जेवढा हिरवागार, तेवढा लाल. सगळ्या शिवारात जिवंत हिरवं फक्त इथं होतं, म्हणून इथं लाल. हिरवळ आहे तिथं ओल असणार, डास असू शकतात, एवढ्यासाठी आम्ही इथं तपासायला आलो. डास निघाले नाहीत. वाहती ओल आहे, साचलेली नाही. तेच पक्कं करायला आज आले."

आत्यानं इळा खाली ठिवला. तिनं येचलेले दगड बांधाला रचलेले व्हते, त्यांच्याकडं बघत व्हती.

"म्हंजी ते माझ्या घासाचं चित्र व्हतं," ती म्हणाली.

"होय."

"मग हे त्या दिवशी का न्हाय सांगितलं, बाई?"

मॅडमनं हातातला फोटो दुमडला. मग म्हणाली, "आम्ही रोज असले फोटो बघतो. लाल म्हणजे हिरवं, हे लोकांना सांगावं लागतं हेच विसरून गेले. आणि कुणी विचारलं नाही."

"आमी विचारायचं व्हतं व्हय?" म्या म्हणलं. "ज्यांना रांगेत बी सगळ्यात मागं उभं करत्यात, त्यांनी विचारायचं?"

आत्यानं मला डोळ्यानं गप केलं. मॅडमला म्हणाली, "झालं ते झालं. आता जे मला सांगितलं ते तिथं येऊन सांगा. फोटोपुढं उभं राहून."

खरं सांगायचं तर मॅडम आली. मी तिला माफ केलेलं न्हाय, पण आली. संध्याकाळच्या दुधाला सगळी रांग असताना तिनं भिंतीवरच्या फोटोवर घासाची पेंढी धरली आन् सगळं सांगितलं. वर हे बी सांगितलं की ताप वरच्या आळीत हाय, तिथले उघडे हौद आठवड्याला रिकामे करा, वरच्या यंत्राला घरातले हौद दिसत न्हाईत.

हणमंतप्पानं पान थुंकलं आन् म्हणाला, "मग बरंच झालं की. आमाला काय ठावं? उद्यापासनं घाल दूध, जाई."

चुकलं म्हणायला तोंड आखडलं त्याचं. मॅडमला वाटलं काम झालं. नमस्कार करून जीप गेली.

सकाळी आमी गेलो. मी तर वेणीत फूल माळलेलं. व्यंकटनं आत्याचं दूध घेतलं, मापलं, मोठ्यानं माप सांगितलं. आन् मोठ्या कॅनात न ओतता चरवीत परत ओतून कोपऱ्याकडं हात केला. कोपऱ्यात एक ल्हान कॅन. त्याच्या गळ्याला गेरूचं बोट वढलेलं.

"मावशी, तुमी त्यात घाला. वस्तीचं त्यात."

"ताप नव्हता न्हवं?"

"नव्हता. पण अप्पा म्हणले, लोकांच्या मनाचा बी इचार करावा लागतो."

माझं फूल तिथंच गळून पडलं असंल. म्या तोंड उघडलं, तर आत्यानं चरवी माझ्या हातात न देता स्वतःच्या कडंला घेतली आन् भिंतीला टेकून उभी ऱ्हायली. दूध ओतलं न्हाय. माघारी बी फिरली न्हाय. हणमंतप्पा म्हणाला, "काय, मुहूर्त बघतीस का?" ती म्हणाली, "गाडी येऊ द्या, अप्पा."

मुरुमहून दुधाची गाडी आली. ड्रायव्हर हरिबा, तोंडाचा फटकळ. तो कॅन उचलायला वाकला तसं आत्यानं विचारलं, "हरिबा, हा गेरूचा कॅन मुरुमात कुठं ओतत्यात?"

"कुठं म्हंजी? टाकीत."

"आन् हा मोठा?"

"मावशी, टाकी एकच हाय. सगळ्या गावांचं त्यातच पडतंय. का?"

"काय न्हाय. ह्यांना ऐकू जावं म्हणून विचारलं."

एवढं बोलून ती मोठ्या कॅनापाशी गेली. झाकण अजून उघडंच व्हतं. तिनं चरवी कलंडवली. सावकाश, धार मोडू न देता. सगळ्या खोलीत तेवढा एकच आवाज.

हणमंतप्पा खुर्चीवरनं उठला. "व्यंकट, काढ ते. काढ म्हणतो ना."

व्यंकट कॅनात बघायला लागला. काय काढणार त्यो?

आत्या म्हणाली, "वळखून काढा, अप्पा. माझं कंचं ते बघा, आन् तेवढं मला परत द्या. मी घेऊन जाते."

हरिबा घाम पुसत म्हणाला, "अप्पा, ऊन चढायलंय. ह्या कॅनात निम्म्या गावाचं दूध हाय. द्यायचंय का फेकायचंय, लवकर बोला. नासलं तर माझ्या नावानं शंख करू नका."

हणमंतप्पानं रांगेकडं बघितलं. त्याला वाटलं असंल रांग त्याच्या बाजूनं बोलंल. द्वारकाबाई पदर आवरून उभी व्हती. तिनं त्या कॅनाकडं बघितलं, तिचं सकाळचं सगळं दूध त्यात. म्हणाली, "फेकायचं कशाला? माझी म्हैस काय फुकट खातीया का?" मागनं दुसरी म्हणाली, "माझं बी हाय त्यात." तिसरी बी म्हणाली. आमच्या मायेनं न्हाय म्हणाल्या. आपापल्या दुधाच्या मायेनं म्हणाल्या. चालंल. मला कुणाची माया नको व्हती.

हणमंतप्पा खाली बसला. हरिबानं झाकण दाबलं, कॅन गाडीत चढवला. गेरूचा कॅन कोपऱ्यात रिकामाच ऱ्हायला. आत्यानं जाता जाता पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं, त्याच्या गळ्यावरचं लाल बोट पुसलं आन् व्यंकटला म्हणाली, "ह्यात उद्या पाणी भरून ठेव. रांगेतल्या लोकांना तहान लागती."

जूनअखेर तिचं नाव निघालं न्हाय. वस्तीतल्या दोघी आणखी मेंबर झाल्या, आन् मी तिसरी हुणार, म्हैस मिळाली की. फोटो अजून सोसायटीच्या भिंतीवर हाय. नवा कोण आला की हणमंतप्पा त्याला लाल ठिपका दाखवतो आन् सांगतो, "हे आमच्या गावचं हिरवं रान." आमच्या गावचं म्हणतो. मी तिथं असले की मोठ्यानं सांगते, ते कुणाचं हाय.

आत्या त्या फोटोकडं बघत न्हाय. ती कॅनाजवळ उभी ऱ्हाती, मान जरा कलती करून, आन् आवाज झाला की घरी जाती.